घाटाची चढाई नेमकी किती? जीपीएस सायकल कॉम्प्युटरविषयी वाचकांचे प्रश्न

सायकलच्या हँडलवर लावायच्या जीपीएस कॉम्प्युटरविषयी प्रश्न पाठवण्याचे आवाहन गेल्या अंकात केले होते. आलेल्या पत्रांत कौतुकापेक्षा तक्रारींचा सूर मोठा आहे, आणि त्यांतल्या बऱ्याच तक्रारींचे मूळ एकच आहे. पडद्यावर शेजारी-शेजारी, एकाच ठशात दिसणाऱ्या आकड्यांपैकी काही प्रत्यक्ष मोजलेले असतात, काही त्या मोजमापांवरून काढलेले असतात आणि काही निव्वळ अंदाज असतात. यंत्र मात्र तिन्ही सारख्याच ठामपणे दाखवते. पुढील उत्तरे हा भेद लक्षात ठेवून वाचावीत. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : मी महाविद्यालयात शिकतो. मोबाइलमध्ये जीपीएस असताना सायकलसाठी वेगळ्या यंत्रावर पैसे घालवावेत का? (एक विद्यार्थी, सांगली)

आपले फिरणे गावाभोवतीच्या ओळखीच्या रस्त्यांवर, तास-दोन तासांचे असेल, तर सध्या घालवू नयेत. खिशातला मोबाइल अंतर, वेळ आणि मार्ग यांची नोंद पुरेशी चांगली ठेवतो, आणि त्याच पैशांत हेल्मेट, चांगले पुढचे-मागचे दिवे आणि पंक्चर काढण्याचे साहित्य येते. ते आपल्याला आधी लागणार आहे.

मोबाइलची अडचण तो खिशातून हँडलवर आल्यावर सुरू होते. नकाशा दिसत राहावा म्हणून पडदा सतत चालू ठेवला की बॅटरी झपाट्याने उतरते, उन्हात वाचता यावे म्हणून उजेड वाढवला की ती आणखी लवकर उतरते, आणि एप्रिल-मेच्या उन्हात तापलेला मोबाइल स्वतःला वाचवण्यासाठी पडदा मंद करतो किंवा सरळ बंद होतो. शिवाय मोबाइलच्या कॅमेऱ्यातील भिंग स्थिर ठेवणारी यंत्रणा नाजूक असते; मोटरसायकलच्या इंजिनाच्या सततच्या कंपनांनी तिला इजा होऊ शकते, असा इशारा ॲपलने २०२१ साली दिला होता. सायकलला इंजिन नसते हे खरे, पण आपल्याकडचे रस्ते ती उणीव भरून काढतात.

स्वतंत्र सायकल कॉम्प्युटरचा पडदा बहुधा बाहेरचाच उजेड परावर्तित करणारा असतो, त्यामुळे भर दुपारी तो अधिक स्पष्ट दिसतो आणि बॅटरी एका चार्जवर पंधरा-वीस तास सहज चालते. तरीही माझ्या मते त्याचा सर्वांत मोठा फायदा हा आहे की मार्गाची नोंद आणि नकाशा यांचा भार मोबाइलवरून उतरतो, आणि घाटात सायकल बिघडली किंवा कोणी पडले, तर फोन करण्यापुरती बॅटरी त्यात शिल्लक असते. पुढे कधी यंत्र घ्याल तेव्हा रंगीत पडद्याला भुलण्याआधी तीन गोष्टी पाहाव्यात: त्यात वायुदाब मोजणारा संवेदक आहे का, ओल्या हातांनी दाबता येतील अशी खरी बटणे आहेत का, आणि केलेल्या प्रवासाची फाइल कोणत्याही ॲपच्या मदतीशिवाय केबलने संगणकावर उतरवता येते का.

प्रश्न : मी आणि माझा मित्र दर रविवारी सिंहगड चढतो. पायथ्यापासून वरपर्यंत एकाच रस्त्याने, सोबत जाऊनही माझे यंत्र ६४० मीटर चढाई दाखवते आणि त्याचे ५७० मीटर. अंतरातही थोडा फरक असतो. चढाची टक्केवारी तर वळण संपल्यावर पडद्यावर येते. कोणाचा आकडा खरा मानायचा? (एक वाचक, पुणे)

या आशयाची पत्रे सर्वांत जास्त आली आहेत, म्हणून उत्तर थोडे विस्ताराने देतो.

आधी अंतर घेऊ. यंत्र ठरावीक वेळाने आपले स्थान नोंदवते आणि लागोपाठच्या बिंदूंमधली सरळ रेषा अंतरात मिळवत जाते. मोकळ्या आकाशाखाली प्रत्येक बिंदूत काही मीटरांची चूक असली, तरी शेजारच्या दोन बिंदूंतली चूक साधारण एकाच दिशेची असल्यामुळे एकूण अंतर बरेच चांगले येते. सिंहगडाच्या रस्त्यावर मात्र एका बाजूला डोंगराची कातळभिंत आणि डोक्यावर झाडी असते. उपग्रहाचा संकेत कातळावर आदळून उशिरा पोहोचतो आणि बिंदू रस्त्याच्या कधी या बाजूला, कधी त्या बाजूला पडतात. त्यात एखाद्या यंत्रावर दर सेकंदाला नोंद करण्याऐवजी सोयीनुसार अधूनमधून नोंद करण्याचा पर्याय निवडलेला असेल, तर नागमोडी वळणांचे कोपरे कापले जातात आणि अंतर कमी भरते. आपली दोन यंत्रे या बाबतीत एकसारखी आहेत का, हे सेटिंगमध्ये पाहावे आणि दोन्हींवर दर सेकंदाची नोंद ठेवावी. उपग्रहांच्या संकेतांच्या एल१ आणि एल५ अशा दोन वारंवारिता एकाच वेळी वापरणारी नवी यंत्रे परावर्तित संकेत अधिक चांगले ओळखतात. घाटात हा फरक जाणवतो, सोलापूरच्या माळरानावर जाणवणार नाही.

अंतराबाबत काटेकोर राहायचे असेल, तर चाकाच्या आऱ्यांना किंवा मधल्या हबला लावायचा वेगसंवेदक घ्यावा. तो चाकाचे फेरे मोजतो, त्यामुळे त्याला झाडी, कातळ किंवा बोगदा यांच्याशी देणेघेणे नसते. पण त्याची अचूकता आपण भरलेल्या चाकाच्या परिघावर अवलंबून असते. ७०० × २३ टायरचा परीघ २०९६ मिलिमीटर आणि ७०० × २८ चा २१३६ मिलिमीटर धरला जातो. जुना टायर बदलून रुंद टायर बसवला आणि आकडा तसाच राहिला, तर शंभर किलोमीटरमागे जवळजवळ दोन किलोमीटरची तफावत पडते. कोष्टकातला आकडा न घेता, टायरमध्ये नेहमीची हवा भरून, स्वतः सायकलवर बसून, खडूच्या एका खुणेपासून चाकाचे चार-पाच पूर्ण फेरे होईपर्यंत सरळ जावे आणि अंतराला फेऱ्यांनी भागावे. बसलेल्या माणसाच्या वजनाने टायर दबतो आणि परीघ किंचित कमी होतो, म्हणून बसूनच मोजायचे.

चढाईचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे आहे. उपग्रहांवरून मिळणारी उंची ही आडव्या स्थानापेक्षा बरीच कमी अचूक असते, कारण सगळे उपग्रह आपल्या डोक्यावरच्या आकाशात असतात, पायाखाली एकही नसतो. म्हणून बऱ्या यंत्रांत वायुदाब मोजणारा संवेदक असतो. समुद्रसपाटीजवळ साधारण आठ-साडेआठ मीटर वर चढले की हवेचा दाब एक हेक्टोपास्कलने (हे दाबाचे एकक) घटतो. हे नाते पक्के असल्याने थोड्या वेळात झालेला उंचीतला बदल हा संवेदक फार चांगला टिपतो. अडचण अशी की दाब केवळ उंचीमुळे बदलत नाही. आपल्यासारख्या उष्ण कटिबंधातल्या प्रदेशात हवेचा दाब दररोज दोनदा वर-खाली होतो: सकाळी दहाच्या सुमारास तो चढलेला असतो आणि दुपारी चारच्या सुमारास उतरलेला. हा फरक दोन ते चार हेक्टोपास्कल इतका असू शकतो. त्यामुळे सकाळी दहाला घरून निघून दुपारी चारला परतलेल्या माणसाला आपले घर पंचवीसेक मीटर उंच झालेले दिसते, आणि त्यात यंत्राचा कोणताही दोष नसतो.

ज्या यंत्रात असा संवेदक नसतो, ते उंची उपग्रहांवरून घेते किंवा प्रवास अपलोड झाल्यावर संकेतस्थळ ती भूपृष्ठाच्या नोंदींवरून भरते. अशा जगभर वापरल्या जाणाऱ्या नोंदींपैकी एक २००० साली अंतराळयानातून केलेल्या रडार-मापनातून तयार झाली असून, तिच्यात जमीन सुमारे तीस मीटरच्या चौकोनांत विभागलेली आहे. डोंगराच्या कुशीत कोरलेला घाटरस्ता अशा एका चौकोनात मावतो, पण त्याच चौकोनात वरचा कडा आणि खालची दरीही येते. बिंदू थोडा आत सरकला की यंत्र आपल्याला कड्यावर चढवते, थोडा बाहेर सरकला की दरीत उतरवते, आणि या काल्पनिक चढ-उतारांची बेरीज चढाईत जमा होते.

याखेरीज प्रत्येक कंपनीचे गणित वेगळे असते. एक-दोन मीटरांचे बारीक चढ मोजायचे की गोंगाट समजून सोडून द्यायचे, याची मर्यादा प्रत्येकीने आपापली ठरवली आहे; शिवाय घाटाच्या अधल्या-मधल्या छोट्या उतारांनंतरचे चढ कोणते यंत्र किती धरते, यावरही बेरीज बदलते. म्हणून सत्तर मीटरांच्या फरकावरून मित्राशी वाद घालू नये. दोघांपैकी वायुदाबमापक असलेल्या यंत्राचा आकडा मी जवळचा मानेन. दोघांतही असेल, तर दोन्ही आकडे आपापल्या नियमांनुसार बरोबर आहेत. आपल्याला उपयोग आहे तो एकाच यंत्राने, एकाच रस्त्यावर, महिनोन्‌महिने ठेवलेल्या नोंदींचा. त्यांतून आपली तयारी वाढते आहे की नाही हे निःसंशय कळते.

टक्केवारी उशिरा का येते, तेही पाहू. ताशी आठ किलोमीटर वेगाने पाच टक्क्यांचा चढ चढणारा माणूस एका सेकंदात सुमारे सव्वादोन मीटर पुढे जातो आणि फक्त अकरा सेंटिमीटर वर चढतो. इतका सूक्ष्म बदल दाबाच्या नैसर्गिक थरथरीत सहज बुडून जातो, त्यामुळे यंत्राला मागच्या कित्येक सेकंदांची सरासरी काढावी लागते. पडद्यावरचा बारा टक्क्यांचा आकडा म्हणजे आपण नुकत्याच पार केलेल्या चढाची बातमी असते. समोरच्या चढासाठी डोळे आणि मांड्या पुरेशा आहेत. त्याऐवजी मार्ग आधीच यंत्रात भरून ठेवला, तर पुढच्या चढाचा आलेख आणि शिल्लक मीटर दाखवणारी सोय अनेक यंत्रांत असते. दम किती राखून ठेवायचा हे ठरवायला ती खरोखर उपयोगी आहे, आणि मला विचाराल तर घाटात या यंत्राचा निम्मा मोबदला तिच्यातच वसूल होतो.

पावसाळ्यासाठी एक सूचना. दाब मोजणारे बारीक छिद्र यंत्राच्या खालच्या किंवा मागच्या बाजूला असते. पाण्याचा थेंब, चिखल किंवा घामाचे मीठ त्यात अडकले की उंची गोठते किंवा अचानक उड्या मारते. घरी आल्यावर ते साध्या पाण्याने हलकेच धुवावे. त्यात टाचणी घालू नये. संरक्षणासाठी घेतलेले रबरी आवरणही कधीकधी हेच छिद्र झाकून बसते.

प्रश्न : गगनबावड्याला जाताना माझ्या यंत्राने मला डांबरी रस्ता सोडायला लावून उसाच्या फडातल्या पाणंदीत नेऊन घातले. मी परत फिरलो तरी ते पुन्हा तिकडेच वळायला सांगत होते. यंत्र सदोष आहे का? (एक वाचक, कोल्हापूर)

यंत्र सदोष नाही. त्याच्यापुढचा नकाशा अपुरा आहे. बहुतेक सायकल कॉम्प्युटर ओपनस्ट्रीटमॅप हा २००४ साली सुरू झालेला, स्वयंसेवकांनी रेखलेला मुक्त नकाशा वापरतात. शहरांत तो उत्तम आहे. खेड्यांत मात्र उपग्रहचित्रावरून एखाद्याने रेघ ओढलेली असते, पण ती डांबरी आहे, खडीची आहे की बैलगाडीची आहे, ही माहिती भरायची राहून गेलेली असते. मार्ग शोधणाऱ्या गणिताच्या दृष्टीने ती मोटारींची वर्दळ नसलेली, अंतर वाचवणारी, म्हणजे सायकलस्वारासाठी आदर्श वाट ठरते. पाणंदीतला चिखल त्याला कोणी सांगितलेला नसतो.

आपल्या जिल्ह्यात याहून गंभीर धोका बंधाऱ्यांचा आहे. कोल्हापूर पद्धतीचे बंधारे वर्षातले बरेच महिने रस्ता म्हणून वापरात असतात आणि नकाशात ते रस्ता म्हणूनच दिसतात. पावसाळ्यात ते पाण्याखाली जातात, हे नकाशाला ठाऊक नसते. जून ते ऑक्टोबर या काळात बंधाऱ्यावरून जाणारा मार्ग यंत्राने सुचवला, तर त्या दिवशीची परिस्थिती स्थानिक लोकांना विचारल्यावाचून त्या दिशेला जाऊ नये.

उपाय असा की यंत्राला रस्त्यावर आयत्या वेळी मार्ग शोधायला लावूच नये. आदल्या रात्री संगणकाच्या मोठ्या पडद्यावर मार्ग आखावा, शंका येईल तिथे उपग्रहचित्र लावून रस्त्याचा रंग आणि रुंदी पाहावी, इतर सायकलस्वारांच्या वर्दळीचा नकाशा उपलब्ध असेल तर तोही ताडून पाहावा आणि मग ती फाइल यंत्रात चढवावी. त्यानंतर ‘मार्ग चुकल्यास नवा मार्ग शोधा’ ही सोय बंद करून ठेवावी. आपण परत फिरल्यावरही यंत्र हट्टाने पाणंदीकडे वळायला सांगत होते, ते या सोयीमुळे. ती बंद केली की यंत्र फक्त आखलेली रेघ आणि आपण रेघेपासून किती दूर आहोत एवढेच दाखवते. रेघेवर परत कसे यायचे हे आपण ठरवतो. आणखी एक गोष्ट तपासावी: प्रवासाचा प्रकार मोटारीचा न राहता सायकलचाच निवडलेला असावा. मोटारीचा पर्याय राहिला, तर यंत्र द्रुतगती मार्गासारख्या, सायकलींना बंदी असलेल्या रस्त्यांवरूनही नेऊ पाहते.

नकाशातली ती पाणंद आपण स्वतः दुरुस्त करू शकता. ओपनस्ट्रीटमॅपवर विनामूल्य खाते उघडून रस्त्याचा प्रकार आणि पृष्ठभाग भरला, की नकाशाच्या पुढच्या आवृत्त्यांत ती दुरुस्ती यंत्रांपर्यंत पोहोचते आणि पुढचा सायकलस्वार वाचतो.

प्रश्न : पन्नास किलोमीटरनंतर यंत्र १८०० कॅलरी खर्च झाल्याचे सांगते. तेवढी मिसळ खायला हरकत नाही ना? (एक वाचक, नाशिक)

मिसळ अवश्य खावी, पण यंत्राच्या भरवशावर दुसरी प्लेट मागवू नये. वजन, वय, वेग आणि फार तर हृदयाचे ठोके यांवरून काढलेला हा आकडा पडद्यावरचा सर्वांत कच्चा आकडा आहे; वाऱ्याची दिशा किंवा आपण कोणाच्या मागे दडून सायकल चालवली, हे त्याला कळत नाही. पायडलवरचा जोर मोजणारा पॉवर मीटर असेल, तरच या हिशेबाला अर्थ येतो. शरीर खर्च केलेल्या ऊर्जेपैकी साधारण २० ते २५ टक्केच पायडलपर्यंत पोहोचवते आणि एका किलोकॅलरीत ४.१८४ किलोजूल असतात, त्यामुळे पॉवर मीटरवर दिसणारे किलोजूल आणि शरीराने खर्च केलेल्या किलोकॅलरी हे दोन आकडे योगायोगाने जवळपास सारखे येतात.

प्रश्न : येत्या हंगामात ६०० किलोमीटरची ब्रेव्हे (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी) करण्याचा विचार आहे. यंत्राची बॅटरी पुरेल का? आणि मागच्या वेळी यंत्रावर सरासरी २२ दिसत असतानाही माझी वेळ जेमतेम पुरली, ते कसे? (एक वाचक, डोंबिवली)

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण ब्रेव्हे हुकण्याचे ते बॅटरीपेक्षा मोठे कारण आहे. आपल्या यंत्रावर ‘ऑटो पॉझ’ चालू असणार. सायकल थांबली की घड्याळ थांबते, त्यामुळे २२ ही सरासरी केवळ चाक फिरत असलेल्या वेळेची आहे. ब्रेव्हेचे घड्याळ कोणासाठी थांबत नाही. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला २०, ४०० ला २७ आणि ६०० ला ४० तास, यात चहा, जेवण, पंक्चर, झोप आणि नियंत्रण-केंद्रावरची रांग सगळे धरलेले असते. ताशी २२ ने ६०० किलोमीटरला सव्वासत्तावीस तास लागतात. उरलेले पावणेतेरा तास ढाब्यांवर कसे विरघळतात, हे पडद्यावरच्या सरासरीला दिसत नाही. ऑटो पॉझ बंद करावा, किंवा निघाल्यापासूनच्या एकूण वेळेची सरासरी दाखवणारा रकाना मुख्य पानावर घ्यावा. तो आकडा १५ च्या वर राहिला की निर्धास्त असावे.

बॅटरीबाबत, कंपनीने छापलेले तास हे बहुधा कमीत कमी सोयी वापरून मिळणारे असतात. रात्रभर चालू ठेवलेला पडद्याचा उजेड, नकाशा, दोन वारंवारितांचे ग्रहण, संवेदक आणि मोबाइलची जोडणी यांमुळे ते बरेच घटतात. चाळीस तासांसाठी पॉवर बँक धरूनच चालावे. चार्जिंग शक्यतो थांब्यावर करावे, कारण धावत्या सायकलवर केबल लावली की चार्जिंगच्या छिद्रावरचे रबरी झाकण उघडे राहते. आयपीएक्स७ हे मानांकन म्हणजे एक मीटर पाण्यात तीस मिनिटांचे संरक्षण, पण ते झाकण नीट बंद असतानाचे. ओल्या छिद्रात केबल घातल्यास आतले संपर्क गंजतात. ज्यांना वारंवार एवढे लांब जायचे आहे, त्यांनी चाक फिरताना वीज तयार करणाऱ्या, पुढच्या चाकातल्या डायनॅमो हबचा विचार करावा. स्पर्शाने चालणाऱ्या पडद्यावर पावसाचे थेंब स्वतःच पाने उलटतात, म्हणून पाऊस सुरू होताच पडदा कुलूपबंद करावा.

नोंद शक्यतो दोन-तीन तुकड्यांत साठवावी. यंत्र मध्येच अडकले, तर एखादाच तुकडा जातो. परतल्यावर मूळ फाइल स्वतःच्या संगणकावर उतरवून ठेवावी. जुलै २०२० मध्ये सायबर हल्ल्यामुळे गार्मिन या सायकल कॉम्प्युटर बनवणाऱ्या कंपनीची ऑनलाइन सेवा कित्येक दिवस बंद पडली, तेव्हा ज्यांना केबलने फाइल काढता येत होती, त्यांचे काही अडले नाही. आणि वळणांचा तक्ता कागदावर, प्लॅस्टिकच्या पिशवीत, खिशात असावाच. पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस ही १२०० किलोमीटरची, चार वर्षांनी येणारी आणि आता २०२७ मध्ये होणारी ब्रेव्हेदेखील रस्त्याकडेला लावलेल्या बाणांवरून करता येते.

प्रश्न : माझी मुलगी पहाटे एकटीच सायकलवर दौलताबाद, म्हैसमाळकडे जाते. तिच्या यंत्रावरून ती कुठे आहे ते माझ्या फोनवर दिसते. कधीकधी तो ठिपका मध्येच थांबतो आणि माझा जीव टांगणीला लागतो. या सोयीवर किती विसंबावे? (एक वाचिका, छत्रपती संभाजीनगर)

ठिपका थांबला याचा अर्थ मुलगी थांबली असा नाही, हे आधी लक्षात घ्यावे. अशा यंत्रात बहुधा सिमकार्ड नसते. ते आपली जागा ब्लूटूथने मुलीच्या मोबाइलला सांगते, मोबाइल ती इंटरनेटवरून कंपनीकडे पाठवतो आणि तिथून ती आपल्याला दिसते. घाटात मोबाइलला रेंज नसली, ब्लूटूथ तुटले किंवा बॅटरी वाचवण्याच्या नादात मोबाइलने ते ॲप झोपवले, तरी ठिपका जागीच राहतो. मुलीला मोबाइलच्या सेटिंगमध्ये त्या ॲपवरचे बॅटरीचे निर्बंध काढायला सांगावे. निम्मा त्रास तिथेच कमी होईल.

अपघात ओळखण्याची सोय असेल, तर तिचाही कारभार असाच मोबाइलवर चालतो. मोठा धक्का बसून सायकल थांबली की यंत्र काही सेकंद मोजते, आणि तेवढ्यात स्वाराने रद्द केले नाही, तर आधी भरलेल्या क्रमांकांवर संदेश जातो. गतिरोधकावर जोरात आदळल्यानेही तो सुटू शकतो. उलट रेंज नसलेल्या जागी खरा अपघात झाला, तरी संदेश जाणार नाही. म्हणून दोघींनी मिळून साधा नियम ठरवावा: कोणत्या ठिकाणाहून ती फोन करील, आणि ठरलेल्या वेळेनंतर किती वेळ वाट पाहून आपण फोन करायचा. तिचा फोन लागलाच नाही आणि वेळ उलटून गेली, तर ११२ हा क्रमांक आहे.

ठिपक्याचा दुवा मात्र घरच्यांपलीकडे कोणालाही जाऊ देऊ नये. प्रवासाच्या सार्वजनिक नोंदींत घराभोवतीचा भाग लपवण्याची सोय असते, ती चालू करावी, आणि रोज त्याच वेळी त्याच रस्त्याने जाणे सर्वांना दिसेल अशा नोंदी ठेवू नयेत. जानेवारी २०१८ मध्ये स्ट्राव्हा या व्यायामाच्या नोंदी ठेवणाऱ्या ॲपच्या, सगळ्यांच्या नोंदी एकत्र करून काढलेल्या नकाशावरून निरनिराळ्या देशांतले लष्करी तळ उघड झाले होते. धावणाऱ्या सैनिकांनी आपल्या नोंदी खुल्या ठेवल्या होत्या, एवढेच त्याचे कारण होते.

प्रश्न : मे महिन्यात माझे यंत्र ५२ अंश तापमान दाखवते. ते बरोबर आहे का? (एक वाचक, नागपूर)

ते यंत्राच्या तापलेल्या काळ्या कवचाचे तापमान आहे. हवामान खात्याचा आकडा सावलीत, हवेशीर पेटीत मोजलेला असतो. यंत्राचा आकडा हवेचा मानू नये, पण बॅटरीसाठी तो खरा आहे: ४५ अंशांच्या वर लिथियम बॅटरी चार्ज करू नये, असे उत्पादक सांगतात. थांब्यावर आधी यंत्र सावलीत निवू द्यावे आणि मग केबल लावावी.

प्रश्न : जुने वापरलेले जीपीएस यंत्र स्वस्तात मिळाले. अंतर, वेग, वेळ, इतकेच काय वारही बरोबर दाखवते, पण तारीख जवळजवळ वीस वर्षांपूर्वीची असते. दुकानदार म्हणतो, आतली बॅटरी बदला. (एक वाचक, मडगाव)

बॅटरी बदलून उपयोग होणार नाही. जीपीएसचे उपग्रह जुन्या नागरी संकेतात तारीख पाठवत नाहीत. ते आठवड्याचा अनुक्रमांक आणि त्या आठवड्यात उलटलेले सेकंद पाठवतात. अनुक्रमांकासाठी दहाच बिट (शून्य किंवा एक असे दहा अंक) ठेवलेले असल्याने तो १०२३ पर्यंत जाऊन पुन्हा शून्यावर येतो. असे ऑगस्ट १९९९ मध्ये झाले, पुन्हा एप्रिल २०१९ मध्ये झाले आणि यानंतर नोव्हेंबर २०३८ मध्ये होईल. आपण कोणत्या फेरीत आहोत हे यंत्राच्या आतल्या प्रोग्रॅमने ठरवायचे असते, आणि जुना प्रोग्रॅम अजून मागच्याच फेरीत आहे. म्हणून आपली तारीख १०२४ आठवडे, म्हणजे ७१६८ दिवस मागे आहे. फरक पूर्ण आठवड्यांचा असल्यामुळेच वार बरोबर येतो, आणि सेकंद वेगळे मोजले जात असल्यामुळे वेळही बरोबर येते.

उत्पादकाच्या संकेतस्थळावर त्या मॉडेलसाठी फर्मवेअरची, म्हणजे या आतल्या प्रोग्रॅमची, नवी आवृत्ती असेल, तर ती चढवल्यावर तारीख दुरुस्त होईल. नसेल, तरी अंतर, वेग आणि मार्ग यांवर काही परिणाम होत नाही, त्यामुळे यंत्र टाकून देण्याचे कारण नाही. प्रवासाची फाइल अपलोड करण्याआधी तीतल्या तारखांत ७१६८ दिवस मिळवून देणारी विनामूल्य साधने इंटरनेटवर आहेत, ती दर वेळी वापरावी लागतील.